खोडदची रेडिओ दुर्बीण आणि डॉ. गोविंद स्वरूप

नारायणगावाहून खोडदकडे जाताना शेतांमधून डोके वर काढणाऱ्या प्रचंड तबकड्या आपण पाहतोच. नव्या पाहुण्याला ती लष्कराची रडारयंत्रणा वाटावी, अशीच त्यांची ठेवण आहे. लष्कराशी त्यांचा काही संबंध नाही. पण ज्या विद्येतून त्या उभ्या राहिल्या, ती विद्या वाढली मात्र युद्धाच्या धामधुमीत.

फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्याची रडारयंत्रे एकाएकी निकामी होऊ लागली. शत्रूची ही काही नवी युक्ती असावी, असा प्रथम संशय आला. जे. एस. हे यांनी शोध घेतला, तेव्हा हा उपद्रव सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा आहे, असे निष्पन्न झाले. युद्ध संपल्यावर रडारवर काम केलेले अनेक शास्त्रज्ञ आकाशाकडे वळले. सिडनी येथील जोसेफ पॉसी हे त्यांतील एक अग्रणी होत.

१९५३ साली त्यांच्याकडे शिकण्यास गेलेला एक भारतीय तरुण म्हणजे गोविंद स्वरूप. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे १९२९ मध्ये जन्मलेल्या या तरुणाने अलाहाबादला पदार्थविज्ञानाची एम. एस्सी. केली आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीची पीएच. डी. मिळवली. म्हणजे प्रश्न पडावा शास्त्रज्ञासारखा आणि उत्तर शोधावे अभियंत्यासारखे, अशी त्यांची घडण झाली. परदेशात स्थिरावणे सोपे असताना १९६१ मध्ये त्यांनी तीन भारतीय सहकाऱ्यांसह मायदेशी पत्रे लिहिली : रेडिओ खगोलशास्त्राचे काम आम्हांला भारतात करावयाचे आहे. अणुसंशोधनाचे धुरीण डॉ. होमी भाभा यांनी त्या पत्राला होकार दिला आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या आधारावर चालते, हे येथे लक्षात घ्यावे.

प्रारंभ अगदी साधा होता. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या कल्याणजवळ मांडून १९६५ मध्ये सूर्याचा अभ्यास सुरू झाला. पुढे १९७० मध्ये उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. त्यानंतरचे मोठे स्वप्न म्हणजे आपल्या खोडदची जीएमआरटी.

तिच्यात ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये, तर १६ तीन दिशांना फुटलेल्या फाट्यांवर आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर पडते. सर्वांचे संकेत प्रकाशतंतूंनी एकत्र आणून जोडले, की त्या तेवढ्या विस्ताराच्या एकाच दुर्बिणीसारख्या बारीक तपशील टिपू लागतात.

खरी अडचण पैशाची होती. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली, तर ती जड होते, वाऱ्याचा सगळा रेटा तिच्यावर येतो आणि तो सोसण्यासाठी पोलाद वाढवावे लागते. स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला : आपल्याला ज्या लहरी पकडायच्या, त्या बहुतांशी २१ सेंटिमीटरांपासून दोन मीटरपर्यंतच्या आहेत. बारीक जाळी त्यांना अखंड भिंतीसारखीच भासते. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या ताणलेल्या दोरांवर केवळ ०.५५ मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी बसवली. लहर परतते, वारा मात्र आरपार निघून जातो. तबकड्या फिरवणारी नियंत्रणयंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने तयार झाली. २००१ मध्ये दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या 'शियापरेली' यानाचा क्षीण संकेत याच जाळ्यांनी टिपला.

या दुर्बिणीला अन्नाइतकीच शांतता लागते. आकाशातून येणारा संकेत इतका दुबळा असतो, की मोटारसायकलच्या प्लगची ठिणगीही त्याला झाकून टाकू शकते. यामुळेच भोवतालच्या ठरावीक क्षेत्रात अडथळा आणणाऱ्या उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा आखलेला मार्गही याच कारणाने बदलावा लागेल, असे रेल्वे मंत्रालयाने अलीकडे सांगितले. जुन्नर-आंबेगावच्या तरुणाला कारखाना नाही, रेल्वे नाही आणि घराशेजारी जगातील एक नामांकित दुर्बीण! त्याच्या मनात कडवटपणा आला, तर त्याला दोष कसा द्यावा?

मात्र दुर्बीण येथून हलवता येत नाही. हे शांत खोरे पारखूनच ती येथे आणली गेली. तेव्हा सोसणाऱ्या लोकांना त्या ज्ञानाचा वाटा मिळाला पाहिजे, एवढी मागणी रास्त ठरते. राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला प्रदर्शन भरते, शाळाशाळांतून मुले येतात, हे चांगलेच आहे. पण वर्षातून एक-दोन दिवसांची जत्रा पुरेशी नाही. तेथील कार्यशाळांत, संगणककक्षांत आणि वाचनालयांत या तालुक्यांतील मुलामुलींना शिकण्याची वाट खुली असावी. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही हे शास्त्र मराठीत समजावून सांगण्याचे काम अंगावर घ्यावे.

डॉ. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी निवर्तले. परदेशची सुखाची वाट सोडून ते देशात परतले, आणि थोडक्या पैशांत मोठे काम कसे करावे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या दुर्बिणीशेजारी राहणाऱ्यांना तिचा आधार वाटावा, हे काम अजून शिल्लक आहे.