झाडाच्या नावाने विकावा असा मध

अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेल्या आणि आज बुलढाणा जिल्ह्यातील एक तालुका म्हणून पैनगंगेच्या आश्रयाने नांदणाऱ्या मेहकरच्या शिवारात पळस, कडुनिंब, चिंच आणि वड या देशी वृक्षांचे वैभव अद्यापि शिल्लक आहे. अशा वृक्षांच्या मोहोरावर जगणारी आग्या माशी उंच फांदीस उघडेच एकमेव पोळे बांधते. ती पेटीत नांदत नाही. त्यामुळे महाबळेश्वरी सातेरी माशीच्या पेट्यांतून जांभळाचा वा हिरड्याचा मध निराळा काढता येतो, तशी सोय हिच्या बाबतीत नाही. हंगाम आणि भोवतालची झाडे पाहूनच मधाची जात ठरवावी लागते.

या पोळ्याचा फांदीला चिकटलेला जाड भाग मधाचा, आणि खालचा पसरट भाग अंडी व अळ्यांचा, म्हणजे पिलाव्याचा असतो. टेंभा पेटवून माशा जाळायच्या, सबंध पोळे छाटायचे आणि मुठीत पिळायचे, ही रूढ रीत मला मधाची लूटच वाटते. कारण पिळलेल्या रसात अळ्या आणि पराग मिसळून तो लवकर आंबतो. याउलट वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने पुरस्कारलेल्या रीतीत केवळ मधाचाच भाग कापतात, आणि पिलावा राखल्यामुळे माशा ते कोठार पुन्हा भरू शकतात. कोठाराच्या घरांवर मेणाची पांढरी झाकणे बसली की मध पिकला असे समजावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार मधात पाणी 20 टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि कच्चा मध तापवून ते उडवू गेल्यास त्याचा सुवासही त्यासोबत जातो.

मध हवेतील ओलावा ओढून धरतो, म्हणून साबण आणि मलमे करणाऱ्यांना तो हवा असतो. परंतु त्यांना बहुधा फिकट रंगाचा, सौम्य वासाचा माल पसंत पडतो. कडुनिंबाच्या मधाची किंचित कडवट खुमारी तेथे गुणाऐवजी दोषच ठरायची. तेव्हा प्रसाधनांच्या कारखान्याकडे, 62 ते 65 अंशांना वितळणारे आणि पिळणारे पुष्कळदा फेकून देतात ते मेण पाठवावे, आणि मध मात्र झाडाच्या नावाने ताटात वाढावा, हा माझा स्पष्ट कौल आहे. कोल्ड क्रीमच्या जुन्या कृतीत मेण, तेल आणि टाकणखार हीच मुख्य सामग्री असे.

ग्राहकाने बाटली घेताना झाड कोणते आणि महिना कोणता हे अवश्य विचारावे. आणि थंडीत मध थिजला म्हणून त्यात साखर घातल्याचा आरोप विक्रेत्यावर करू नये, कारण द्राक्षशर्करा अधिक असलेला शुद्ध मधही थिजतोच.