मोटारीतला मूक साक्षीदार
अपघाताच्या चौकशीत मूक साक्षीदार ठरणाऱ्या डॅशकॅमने गाडी उभी असतानाही पहारा द्यावा अशी अपेक्षा असेल, तर त्याची जोडणी सहसा फ्यूजपेटीतून करावी लागते. जोडणीच्या तीन तारांपैकी बहुधा पिवळी अखंड प्रवाहाच्या फ्यूजला, लाल चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजला जोडतात आणि काळी गाडीच्या उघड्या धातूवर घट्ट आवळतात; तथापि रंगांवर न विसंबता मीटर लावून खातरजमा करावी, हे माझे आग्रहाचे सांगणे. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा दाब १२ व्होल्टच्या आसपास उतरताच कॅमेऱ्याचा वीजपुरवठा तोडणारी व्यवस्था नसेल, तर रात्रभराच्या पहाऱ्यानंतर सकाळी इंजिन सुरू होईलच याची शाश्वती नाही. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र कदापि हात लावू नये, आणि पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातली तार तिथल्या एअरबॅगच्या मागूनच न्यावी.