दिवा लागतो काय, ते प्रथम पाहावे

महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि आमच्या कार्यालयातील संगणक इंटरनेटला जोडला जाईना. अकरावी-बारावीच्या मुलांचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले स्कॅन करून त्याच यंत्रात ठेवलेले. ज्यांच्या मोबाईलवर ओटीपी यायचा ते पालक निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणीच्या खुणेवर लाल फुली. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत निकाल दिला: "नेटवर्क कार्ड जळाले, मदरबोर्ड बदलावा लागेल." आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, पुराव्यावाचून निष्कर्ष स्वीकारण्याची आम्हांस सवय नाही.

शेजारच्या सीसीटीव्हीच्या पेटीची चालू केबल काढून आम्ही संगणकाला लावली. मागील खाचेतला हिरवा दिवा तत्क्षणी लागला. कार्ड शाबूत होते, दोष केबलीत होता.

परंतु हीच केबल दिवाळीच्या सुटीपर्यंत बिनतक्रार चालत होती, त्याचे काय? कारण शोधू जाता मोठे बोधप्रद निघाले. या केबलीत आठ तारा असून त्या दोन-दोन पिळून चार जोड्या केलेल्या असतात. सेकंदाला शंभर मेगाबिट या जुन्या वेगाला त्यांपैकी दोनच जोड्या पुरतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात. सुटीत आम्ही, सर्व केबली जिथे एकत्र येतात ती स्विच नावाची पेटी बदलून गिगाबिटची बसवली होती. कपाटामागे उंदराने एक जोडी केव्हाच कुरतडली होती, ती जुन्या पेटीवर कोणाच्या ध्यानात आली नाही. अशा वेळी काही कार्डे आपणहून वेग कमी करून काम चालवतात, काही जोडणीच होऊ देत नाहीत. आमचे दुसऱ्या प्रकारचे निघाले.

या तंत्रास ईथरनेट हे नाव झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजीच्या एका टिपणात दिले. प्रकाश वाहून नेणारा म्हणून जो 'ईथर' एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी कल्पिला होता, त्याची कल्पना पुढे विज्ञानाने टाकून दिली. नाव मात्र तारांच्या नशिबी राहिले.

चांगली केबल आणि स्विचची चालू खाच असूनही दिवा लागत नसेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. तेथे कार्डाच्या नावावर पिवळी खूण असल्यास ड्रायव्हरचा दोष समजावा. खाली वळलेला बाण असल्यास कार्ड कोणीतरी बंद केले आहे. नाव मुळीच नसल्यास बायोसमध्ये ते बंद आहे काय, हेही पाहावे. यंत्र फॉरमॅट केल्यावर ड्रायव्हर हरवतो आणि तो आणायला इंटरनेट नसते. तेव्हा मोबाईल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते.

दिवा लागतो पण संकेतस्थळ उघडत नाही, हे प्रकरण वेगळे. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरने पत्ता दिलेलाच नाही, यंत्राने तो स्वतःच घेतला आहे. मग राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि पूर्वी कोणी हाताने पत्ता भरून ठेवला आहे काय तेही पाहावे.

कार्ड खरोखर जळतच नाही असे नाही. दोन इमारतींमध्ये उघड्यावर टांगलेल्या केबलीतून वळवाच्या पावसातील विजेचा झटका आत येतो. तरीही मदरबोर्ड बदलण्याचे कारण नाही. यूएसबीला लावायचे लहान जोडयंत्र काहीशे रुपयांत मिळते. वसतिगृह दूर असेल तर शंभर मीटरची मर्यादाही लक्षात ठेवावी; त्यापुढे तांब्याच्या तारेचा भरवसा नाही, ऑप्टिकल फायबर घ्यावे. तिच्यातून वीज येत नाही, हा अधिकचा लाभ.

आमचा शेवटचा अर्ज दुसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास गेला. तेव्हापासून एक चालू केबल कार्यालयाच्या कपाटात वेगळी ठेवलेली असते. स्नेहसंमेलनाच्या ध्वनिक्षेपकासाठी ती कोणी नेऊ नये, ही विनंती.