धारेकडून तारेकडे : मिरजेची सतारमेकर गल्ली

रमजानमध्ये दुपार कलली की मिरजेच्या बाजारात खजूर, कलिंगडं आणि तळणाच्या वासानं गर्दी वाढू लागते. रोजा सोडायला तास-दीड तास उरलेला असतो. सतारमेकर गल्लीत मात्र एखादा कारागीर अजून तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत बसलेला दिसतो. थोडं घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचं. याला ‘जवारी काढणं’ म्हणतात. घोडीचा माथा केसभर जरी जास्त घासला गेला, तरी तारेची गुंज हरवते. ओठ कोरडे पडले असले तरी या कामात घाई चालत नाही.

या गल्लीतली बरीच घरं शिकलगारांची. त्यांचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. लढाया संपल्या, इंग्रजी अंमल आला आणि हत्यारांचं काम आटलं. साधारण 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग वाद्यं घडवण्याकडे वळले. मिरज पटवर्धनांचं संस्थान होतं आणि तिथं गाण्याची कदर होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. गवयी आले तशी तंबोऱ्याला मागणी आली आणि पोलाद घासणारे हात लाकूड कोरू लागले.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. खाण्याचा नव्हे, कडू. तो पूर्ण वाळवायचा, कापायचा, त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी बसवायची. मग नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा. शेतकऱ्याच्या वेलापासून गवयाच्या षड्जापर्यंत किती हात लागतात! त्यांत कोणाची जात, कोणाचा धर्म, हे तार सांगत नाही.

जवळच ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. 1937 मध्ये त्यांचं निधन झालं आणि दर्ग्याच्या आवारात ते विसावले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, देशभरातून कलावंत हजेरी लावतात. याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो. गल्लीतले तंबोरे तर देवळातल्या कीर्तनातही वाजतात आणि भजनातही. मिरजेत या गोष्टींचं कोणाला नवल वाटत नाही.

काळजी वेगळीच आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची डबी आली, आता तर तो मोबाईलमध्येच मावतो. महिनोन्‌महिने कान घडवण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा, असं तरुणांना वाटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही मोठी गोष्ट. पण मानांकनानं नाव राखलं जातं. जवारी ओळखणारा कान मात्र कागदावर उतरत नाही. तो वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसूनच मिळतो.

यंदा ईदला शिरखुर्मा खायला कोणा मित्राकडे मिरजेला गेलात, तर वाट वाकडी करून या गल्लीत डोकवा. एक तार छेडा आणि ती विरेपर्यंत थांबा.