ट्रान्झिस्टरचा पहिला पाय कोणता?

विज्ञान प्रदर्शनासाठी परिपथाचा फलक, म्हणजे पीसीबी, संगणकावर आखणे आता अवघड राहिलेले नाही. १९९२ साली फ्रान्समध्ये जन्मलेली 'कीकॅड' ही आज्ञावली तर फुकट मिळते. तरीही आकृती अचूक असून फलक चालत नाही, असे अनेकदा घडते. असे का व्हावे?

फलक आखताना आधी आपण चिन्हे जोडून परिपथाची आकृती काढतो. मग प्रत्येक घटकाला फूटप्रिंट नेमून देतो. फूटप्रिंट म्हणजे तो घटक फलकावर बसवण्यासाठी लागणारी भोके आणि त्यांभोवतीच्या तांब्याच्या टिकल्या. घटक काय करतो ते चिन्हावरून कळते, तो कसा बसतो ते फूटप्रिंटवरून. या दोहोंची गाठ संगणक फक्त क्रमांकाने मारतो. चिन्हाच्या १ क्रमांकाच्या पायाला जोडलेली तार फूटप्रिंटच्या १ क्रमांकाच्या टिकलीकडे जाते. तो पाय कलेक्टर आहे की एमिटर, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

आता बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर घ्या. दोन्ही एनपीएन, दोन्हींचे चिन्ह एकच, काळे अर्धगोल रूपही तेच. दुकानदार एकाऐवजी दुसरा सहज देतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. २एन ३९०४ मध्ये तो नेमका उलटा. बेस दोन्हींत मध्येच, त्यामुळे चूक नजरेत भरत नाही.

गंमत अशी की उलटा बसलेला ट्रान्झिस्टर थोडेफार काम करतो! एमिटरमध्ये अशुद्धी मुद्दाम जास्त मिसळलेली असते, कलेक्टरमध्ये कमी. त्यामुळे उलट्या जोडणीत शंभराच्या घरातले प्रवर्धन काही थोड्या पटींवर येते. शिवाय बेस-एमिटर संधी उलट दिशेने साधारण ६ व्होल्टच सोसते, आणि आपली बॅटरी असते ९ व्होल्टची. आवाज क्षीण येतो, दिवा मिणमिणतो, आणि विद्यार्थी बिचारा डाख पुन्हा पुन्हा लावत बसतो. संगणकाची तपासणीही फलक बरोबरच ठरवते, कारण क्रमांक जुळलेले असतात.

डायोडचेही तसेच. कीकॅडमध्ये कॅथोडचा क्रमांक १. दुसऱ्या संग्रहातले फूटप्रिंट ॲनोडला १ मानत असेल, तर डायोड उलटा बसणार. ७८०५ आणि ७९०५ हे व्होल्टता-नियंत्रक जुळे दिसतात, पण पहिल्याचा १ क्रमांकाचा पाय इनपुट, दुसऱ्याचा ग्राउंड.

पाठ्यपुस्तकांतील चिन्हांवर पायांचे क्रमांक नसतात, हे आमच्या मते या गोंधळाचे एक मूळ आहे. वर्गात आकृती काढतानाच ते लिहून घ्यावेत. ट्रान्झिस्टर मात्र आधी विकत आणावा, त्याचे माहितीपत्रक पाहावे आणि मगच फूटप्रिंट निवडावे. माहितीपत्रक न मिळाल्यास मल्टिमीटरच्या ट्रान्झिस्टर तपासण्याच्या खाचेत तो दोन्ही बाजूंनी घालून पाहावा. ज्या वेळी आकडा मोठा येईल, तेव्हा 'सी' खुणेच्या भोकात असेल तो कलेक्टर.