पंपावरचा आळ

लहान जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेनाशी झाली की कोल्हापूर जिल्ह्यात पहिला आळ पंपावर येतो. पंप बदलतात, महिनाभर बरं चालतं आणि रोटाव्हेटर पुन्हा अर्ध्यावर लोंबकळतो. गेल्या साठ वर्षांत ट्रॅक्टरच्या रचनेत जे बदल झाले ते पाहिले, की हा आळ कुठून आला ते कळतं. पंपाचं बिघडणं वाढलं म्हणून नव्हे, तर पंप हाताशी आला म्हणून तो आरोपी झाला.

हॅरी फर्ग्युसनने औजार तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने उचलायची पद्धत बसवली आणि 1936 मध्ये ती फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर बाजारात आली. टॅफे ही कंपनी 1960 मध्ये सुरू झाली आणि त्याच घराण्यातले मॅसी फर्ग्युसन आपल्याकडे आले. त्या जुन्या मॅसीत पंप गिअरबॉक्सच्या मागे, तेलातच बुडालेला असे आणि औजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टवरूनच तो फिरे. तिथवर पोचायचं तर लिफ्टचं वरचं झाकण उतरवावं लागे. एवढा खटाटोप नको म्हणून मेस्त्री आधी तेल, जाळी, पीटीओ, लिव्हरचं सेटिंग हे सगळं पाहून घेई. पुढे अनेक मॉडेलांत गिअर पंप इंजिनाच्या अंगाला बाहेर आला. चार-सहा बोल्ट, दोन पाइप, सुटा झाला. सोय झाली खरी, पण तपासाचा क्रमही तिथेच उलटला.

पंप निर्दोष आहे की नाही, हे लिफ्ट स्वतःच सांगते. औजार पूर्ण वर घ्या आणि इंजिन बंद करा. आता पंप थांबला आहे, भार सिलिंडरमध्ये अडकलेल्या तेलावर आहे. औजार तासभर जागचं हललं नाही तर पंपाच्या पुढची बाजू ठीक. पण पाच-दहा मिनिटांत जमिनीला टेकलं, तर तेल पिस्टनच्या ओ-रिंगमधून किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून निसटतंय. त्या गळतीला पंपाची झीज सहसा जबाबदार नसते. इंजिन चालू असताना लिफ्ट दर काही सेकंदांनी झटका मारते तीही याच कारणाने: औजार थोडं बसतं, व्हॉल्व्हला ते कळतं, तो पुन्हा उचलतो. ही रिंग पंपाच्या मानाने कवडीमोलाची, पण आत असते म्हणून तिच्याकडे शेवटी वळतात.

दुसरा मोठा साक्षीदार तेल. लहान ट्रॅक्टरांत बहुधा गिअरबॉक्स आणि लिफ्टला एकच तेल असतं, म्हणजे गिअरचा कीस पंपाच्या वाटेवरच. तेलाला फेस आला आणि पंप किंचाळायला लागला तर सक्शनकडून हवा शिरतेय किंवा तेल कमी आहे. दुधासारखं पांढरट झालं तर पाणी. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगाकाठी पाण्याखाली गेलेल्या ट्रॅक्टरांपुढे हा प्रश्न होताच. नुसतं वरचं तेल ओतून देणं पुरेसं नव्हतं, कारण गाळ तळाशी आणि जाळीत बसतो. राधानगरी-गगनबावड्याकडच्या भाताच्या चिखलणीत सीलमधून पाणी आत जातं ते वेगळंच. आणखी एक गोष्ट कुणी मोजत नाही: शेजाऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडली की तिच्या जॅकमधलं जुनं तेल परत आपल्याच टाकीत येतं. माणुसकीच्या उसनवारीत घाणीचीही देवाणघेवाण होते.

यावर मेस्त्री म्हणतील, पंप झिजतोच की. झिजतो, आणि त्याची खूणही आहे: सकाळी थंड तेलावर लिफ्ट उचलते, दुपारी तेल तापून पातळ झालं की मान टाकते. तरीही निकाल देण्याआधी रिलीफ व्हॉल्व्ह कमी दाबाला सुटत नाही ना, हे प्रेशर गेज लावून पाहायला हवं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उसाच्या भरणीच्या घाईत झाकण उघडून दोन दिवस ट्रॅक्टर उभा ठेवणं कुणाला परवडतं? पंप बदलला तर तो संध्याकाळी शेतात असतो. हे मान्य; पण तेलाची पातळी, रंग, जाळी आणि इंजिन बंद करून केलेली परीक्षा यांना झाकण उघडावं लागत नाही. शिवाय घाण तेलात बसवलेला नवा पंप तीच घाण ओढतो, आणि वर्षभरात दुकानदाराचा दुसरा धंदा होतो.

जुना ट्रॅक्टर घेताना विकणारा बहुतेक वेळा थंड गाडीवर रिकामी लिफ्ट वर-खाली करून दाखवतो. त्यावर व्यवहार करू नका. औजार लावून अर्धा-पाऊण तास चालवायला सांगा, तेल तापू द्या, मग औजार वर घेऊन इंजिन बंद करा आणि चहा होईपर्यंत थांबा. इसार त्यानंतर द्या.