रजोनिवृत्ती

रजोनिवृत्ती म्हणजे बीजांडकोशांचे कार्य थांबल्यामुळे स्त्रीची मासिक पाळी कायमची बंद होणे. बोलीभाषेत यालाच 'पाळी जाणे' असे म्हणतात. शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने रक्तस्राव झाला नाही आणि त्याला गर्भधारणा, स्तनपान, औषधे किंवा अन्य आजार कारणीभूत नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे मानतात. एखादी पाळी शेवटची होती, हे त्यामुळे वर्षभरानंतरच समजते. रजोनिवृत्ती हा आजार नाही. तथापि तिच्या आधीच्या व नंतरच्या काही वर्षांत होणारा त्रास तीव्र असू शकतो, आणि 'वयाचा भाग' म्हणून तो सोसत राहण्याची प्रथा असली तरी त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.

संज्ञा व वय

'मेनोपॉज' ही संज्ञा फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान याने १८२१ मध्ये वापरात आणली. ही अवस्था अर्थातच त्यापूर्वीपासून ज्ञात होती. सुश्रुतसंहितेत आर्तव बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नासाव्या वर्षी क्षीण होते, असे सांगितले आहे. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे, तर यूरोप-अमेरिकेत सुमारे ५१ वर्षे आढळते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये ती एक-दोन वर्षे अगोदर येते. ४० ते ४५ या वयात झालेल्या रजोनिवृत्तीस लवकर झालेली, तर चाळिशीच्या आत झालेल्या रजोनिवृत्तीस अकाली रजोनिवृत्ती म्हणतात. अकाली रजोनिवृत्तीची वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

शारीरिक प्रक्रिया

जन्माच्या वेळी मुलीच्या बीजांडकोशांत सुमारे १० ते २० लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांपैकी तीन-चार लाख उरतात. संपूर्ण आयुष्यात जेमतेम चारशे-पाचशे बीजे परिपक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप नष्ट होतात. हा साठा संपत आला की बीजांडकोश मेंदूतील पीयूषिका ग्रंथीच्या संदेशांना पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत आणि इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची निर्मिती विस्कळीत होते.

इस्ट्रोजेन हळूहळू व सरळ रेषेत कमी होत जाते, ही समजूत बरोबर नाही. रजोनिवृत्तीपूर्वीच्या संक्रमणकाळात ते एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षा वाढते, तर पुढच्या महिन्यात एकदम घसरते. पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनी येते. रक्तस्रावही कमी-जास्त होतो. हा काळ साधारणपणे चार वर्षांचा असतो. अनेक स्त्रियांना सर्वाधिक त्रास याच काळात, म्हणजे पाळी चालू असतानाच होतो, आणि म्हणूनच त्याचा संबंध रजोनिवृत्तीशी जोडला जात नाही.

लक्षणे

अंगातून गरम वाफा येणे हे सर्वांत ओळखीचे लक्षण आहे. छाती, मान व चेहरा एकाएकी तापतो, घाम फुटतो, छातीत धडधडते आणि काही मिनिटांनी थंडी वाजते. शरीराचे तापमान राखणारे केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. इस्ट्रोजेन घटल्यावर तेथील काही चेतापेशी अतिसक्रिय होतात व तापमानातील किंचितशा वाढीलाही शरीर उष्णता बाहेर टाकू लागते. अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासात हा त्रास सरासरी सात वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे दिसले. तो वर्ष-सहा महिन्यांत संपेलच असे नाही. रात्री वाफा आल्या की झोप मोडते. दिवसाची चिडचिड, विसराळूपणा व थकवा यांमागे पुष्कळदा ही मोडलेली झोप असते. ज्यांना पूर्वी नैराश्य आले होते, त्यांना या काळात ते पुन्हा येण्याचा संभव अधिक असतो.

योनिमार्गाची कोरड, संबंधाच्या वेळी वेदना, लघवीची घाई आणि वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग या तक्रारी उशिरा सुरू होतात. वाफा कालांतराने ओसरतात, परंतु या तक्रारी उपचारांवाचून सहसा ओसरत नाहीत. संकोचामुळे त्या डॉक्टरांना सांगितल्या जात नाहीत आणि पुष्कळदा डॉक्टरही विचारत नाहीत.

हाडांची झीज मात्र कोणतीही जाणीव न देता होते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सर्वांत वेगाने होते आणि अनेकदा मनगट, मणका किंवा खुबा मोडल्यावरच लक्षात येते. हृदयविकाराचा धोकाही या वयानंतर वाढतो.

निदान

वयाच्या पंचेचाळिशीनंतर पाळीतील बदल व लक्षणे यांवरूनच निदान करता येते. रक्ततपासणीची सहसा गरज नसते. संक्रमणकाळात संप्रेरकांची पातळी सतत बदलत असल्याने एकाच चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. अवटू ग्रंथीच्या विकारातही घाम, धडधड व थकवा ही लक्षणे दिसतात, म्हणून शंका असल्यास तिची तपासणी करतात.

रजोनिवृत्ती झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, मग तो कपड्यावरील एखादा डाग का असेना, स्वाभाविक नसते. त्याचे कारण बहुधा साधे असते, परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते. अशा वेळी तपासणी त्वरित करावी लागते. 'पाळी परत आली' असे समजून थांबणे धोक्याचे ठरते. पाळी अनियमित झाली तरी गर्भधारणा होऊ शकते. शेवटची पाळी पन्नाशीपूर्वी आली असल्यास दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर आली असल्यास एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवण्याची शिफारस केली जाते.

उपचार

सुती व सैल कपडे, हवेशीर खोली, तिखट पदार्थ, मद्य किंवा गरम चहा यांपैकी ज्याने वाफा येतात ते टाळणे, हे उपाय सौम्य त्रासात पुरतात. विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचाराने वाफांचा जाच व निद्रानाश कमी होतो. चालणे व वजन उचलण्याचे व्यायाम हाडे व स्नायूंसाठी महत्त्वाचे आहेत. वाफा मात्र त्यांनी कमी होतीलच असे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार रजोनिवृत्तीनंतर रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची आवश्यकता असते. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दूध, दही व तीळ हेही चांगले स्रोत आहेत. सोयाबीनमधील इस्ट्रोजेनसदृश घटकांविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

वाफांवर सर्वांत परिणामकारक उपचार संप्रेरकांचा आहे. त्याची लोकप्रियता मात्र अनेकदा टोकाकडून टोकाकडे गेली. १९६० च्या दशकात अमेरिकेत इस्ट्रोजेनचा चिरतारुण्याचे औषध म्हणून प्रचार झाला. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसून आले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रियांना त्याच्या जोडीने प्रोजेस्टोजेन देतात. २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी चाचणीचा संयुक्त संप्रेरकांचा भाग मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. स्तनाचा कर्करोग दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ने अधिक आढळला होता. ही बातमी जगभर पसरली आणि लक्षावधी स्त्रियांनी औषध सोडले. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांपैकी बहुतेकींची रजोनिवृत्ती फार पूर्वीच झाली होती, ही गोष्ट मात्र तितकी पसरली नाही. पुढील विश्लेषणांनंतर असे मानले जाते, की साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये लाभ धोक्यापेक्षा अधिक असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा सक्रिय विकार किंवा निदान न झालेला रक्तस्राव असल्यास ही औषधे सहसा देत नाहीत. त्वचेवाटे दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनने गुठळ्यांचा धोका गोळ्यांच्या तुलनेत कमी राहतो. योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेतील इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडे मिसळते.

संप्रेरके न चालणाऱ्यांना नैराश्यावरील काही औषधे किंवा गॅबापेंटिन अल्प मात्रेत दिले जाते. हायपोथॅलॅमसमधील उपरोक्त चेतापेशींवर कार्य करणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेताना यकृताची तपासणी करावी लागते.

शस्त्रक्रियेमुळे होणारी रजोनिवृत्ती

केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, पण बीजांडकोश शाबूत असल्याने रजोनिवृत्ती तत्काळ होत नाही. ती काहीशी लवकर येऊ शकते. दोन्ही बीजांडकोशही काढल्यास इस्ट्रोजेन काही दिवसांतच घसरते व लक्षणे तीव्र असतात. चाळिशीच्या आत असे झाल्यास हाडे व हृदय यांच्या रक्षणासाठी नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके घेण्याचा सल्ला दिला जातो. 'पिशवी काढणे' या बोलीतील शब्दप्रयोगातून बीजांडकोश राहिले की गेले हे कळत नाही, आणि अनेक स्त्रियांना ते सांगितलेलेही नसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमुळे चर्चेत आला. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादमाकडून मजुरी कापली जाते, फडावर पाणी व शौचालय नसते आणि पांढरे पाणी जाणे किंवा पोटदुखी अशा तक्रारींवर कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवली जाते, अशी कारणे त्यामागे पुढे आली. राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांपैकी अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.